विनीतच्या बोलीतला पन्नासावा दिवस

रत्नागिरीतल्या त्या लहानशा चर्चमध्ये उजव्या हाताला खिडकीपाशी एक बाक आहे. त्यावर दमयंतीबाई गेली चाळीस वर्षं बसत आल्या आहेत. पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या डोळ्यांत भरायची त्यांना कधी हौस नव्हती, आणि शेवटच्या बाकावर बसून जांभया देणाऱ्यांतल्याही त्या नव्हेत. त्यांना खिडकी लागायची ती उजेडासाठी. त्यांचा धाकटा भाऊ विनीत जन्माचा बहिरा होता. पाळकसाहेब तोंडाने प्रवचन करायचे आणि दमयंतीबाई तेच हातांनी विनीतला सांगायच्या. त्याला हात नीट दिसायला हवेत, म्हणून खिडकी.

दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि विनीत गेला. बाक तोच राहिला, खिडकी तीच राहिली, हात मात्र मांडीवर येऊन पडले. मधूनच प्रवचनात एखादं वाक्य असं यायचं की बोटं आपोआप उचलली जायची. शेजारच्या बाईंनी ते पाहिलं आणि काळजीने सांगितलं, की हाताला कंप सुटत असेल तर वेळेवर डॉक्टरला दाखवलेलं बरं. दमयंतीबाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या रविवारपासून हात पदराखाली घेतले.

त्याहून वाईट गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. विनीत गेल्यापासून त्यांना प्रवचनच कळेनासं झालं होतं. कान शाबूत, पाळकसाहेबांचा आवाज खणखणीत, पण शब्द आले तसे खिडकीतून निघून जात. इतकी वर्षं त्यांना देवाचं वचन कळलं ते विनीतला सांगता सांगता. आता सांगायला कुणी नव्हतं आणि म्हणून कळतही नव्हतं. देवाच्या घरात बसून त्यांना एवढं एकटं वाटे, की उपासना संपली की त्या चहाला न थांबता निघून जात.

ही हातांची बोली कुठल्या शाळेतली नव्हती. आई वारली तेव्हा दमयंती अकरा वर्षांची आणि विनीत सहाचा. बहिऱ्या मुलांची शाळा कुठेतरी लांब आहे एवढं वडिलांच्या कानावर होतं, पण लाकडाच्या वखारीत राबणाऱ्या माणसाला ते ‘लांब’ झेपलं नाही. मग या दोघांनी घरातच बोलायला सुरुवात केली. शर्टाचं गळ्यापाशी असलेलं बटण लावायची खूण केली की रविवार. डोक्यावर पालथा हात ठेवला की देव, कारण आई प्रार्थना करताना दोघांच्या डोक्यावर असाच हात ठेवायची. पुढे विनीत जेट्टीवर बोटी रंगवायला लागला, तेव्हा त्याच्या धंद्यातून नवे शब्द आले. बोटांना लागलेला रंग म्हणजे पाप, आणि टर्पेंटाईनच्या बोळ्याने तो पुसून काढणं म्हणजे क्षमा. एवढी सोपी क्षमा मोठमोठ्या प्रवचनांतही दमयंतीबाईंना कधी ऐकायला मिळाली नव्हती.

पवित्र आत्म्याला मात्र त्यांना शेवटपर्यंत खूण सापडली नाही. पेंटेकॉस्टच्या रविवारी, म्हणजे पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवशी, त्या गाल फुगवून हात आडवा ओढत आणि ‘वारा’ म्हणून वेळ मारून नेत. विनीतला तो रविवार फार आवडायचा. ज्याला आवाज कधी भेटला नाही, त्याला वारा चांगला माहीत होता.

माणसांनाही त्याने नावं दिली होती. पाळकसाहेब म्हणजे ताठ कॉलर. मंडळीचा कारभार बघणाऱ्या सावित्री टीचर म्हणजे उगारलेलं बोट. मासेमारीच्या बोटीवरचा भिवा तांडेल म्हणजे ओढलेली विडी, आणि मासेवाली शकू म्हणजे डोक्यावरची पाटी. गावातल्या निम्म्या माणसांना विनीतच्या बोलीत नाव होतं, दमयंतीबाईंना तेवढं नव्हतं. त्या हव्या असल्या की तो जमिनीवर पाय आपटायचा, नाहीतर खांद्याला हात लावायचा. एकदा त्यांनी रुसून विचारलंही, की सगळ्यांना नाव आहे, मग माझंच कुठे गेलं? तो हसला आणि नुसतं बोट त्यांच्याकडे केलं. समोर असलेल्या माणसाला नाव कशाला हवं, असं त्याचं म्हणणं. त्यांना ते पटलं नव्हतं. साठी उलटली तरी ते मनात कुठेतरी राहून गेलं होतं.

दमयंतीबाई एका प्रसूतिगृहात आया होत्या. ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, आणि घरी आल्यावर दार वाजवून उपयोग नाही. म्हणून वायरमनकडून दाराबाहेर एक बटण बसवून घेतलं होतं, त्यावर आत चुलीच्या वर लाल दिवा लागायचा. दोनदा दाबलं की दिवा दोनदा लागे आणि विझे, आणि विनीत हातातलं टाकून दार उघडायला येई. तो गेल्यावर ते बटण तसंच राहिलं. आता कुलूप त्यांनीच लावायचं आणि त्यांनीच उघडायचं.

तर ही अशी बोली. दोन माणसांनी बोललेली, आणि त्यातला एक गेलेला.

नवे पाळक दर्शन विनीत गेल्यावर चार महिन्यांनी मंडळीत आले. देशावरचा तरुण माणूस, उत्साही, आणि कागद वाटायची भारी आवड. या वर्षी पेंटेकॉस्टच्या आधीच्या बुधवारी त्यांनी कृपादानांवर अभ्यासवर्ग घेतला. आत्म्याने प्रत्येकाला काही ना काही दिलेलं असतं, ते मिरवायला नव्हे तर दुसऱ्याच्या उपयोगी पडायला, हे त्यांनी छान समजावून सांगितलं. मग कागद वाटले. वर छापलं होतं, ‘मला मिळालेलं दान’, आणि खाली, ‘मी ते सेवेत कसं वापरतो’. कुणी गायन लिहिलं, कुणी शिकवणं, कुणी पाहुणचार. एका सद्‌गृहस्थांना तर कागद पाठपोट पुरला नाही. दमयंतीबाईंनी कागद कोरा परत केला. पाळकांनी हळूच विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की लिहिण्यासारखं काही नाही. त्यांनी ते अगदी खरं मानून सांगितलं होतं.

त्याच वर्गाच्या शेवटी रविवारचा विषय निघाला. या मंडळीत जुनी पद्धत आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी आत्मा उतरला आणि परमुलखातल्या माणसांना आपापल्या भाषेत देवाची कामं ऐकू आली, तो उतारा मंडळीत जेवढ्या भाषा असतील तेवढ्या भाषांतून वाचायचा. मराठी, हिंदी, इंग्रजी ठरलेल्याच. आंब्याच्या बागेत राखणीला असलेला एक नेपाळी भाऊ त्याच्या भाषेत वाचणार होता. मल्याळम वाचणारी नर्स मात्र बदली होऊन गेली होती. तिच्या जागी आणखी कुठली भाषा आहे का, असं पाळकांनी विचारलं.

दमयंतीबाईंचा हात वर गेला. चाळीस वर्षांत त्यांनी मंडळीत हात वर केला नव्हता, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. कुठली भाषा, असं पाळकांनी विचारलं.

“विनीतची,” त्या म्हणाल्या.

मग सावित्री टीचर उठल्या. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या हातात खडू असल्यासारखं वाटतं. बाई मनाने वाईट नाहीत, पण प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे नियम असतो, आणि दुर्दैवाने तो बहुतेक वेळा बरोबर असतो. अर्थ सांगणारा कुणी नसेल तर परक्या भाषेत बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावं, असं बायबलात पौलानेच लिहून ठेवलंय, याची त्यांनी आठवण करून दिली. आम्ही नुसते हात बघत बसायचं का, असंही विचारलं.

“ती बोली येणारी मी एकटीच उरलेय, टीचर.”

“तेच तर म्हणतेय मी, दमयंती.”

शेवटी पाळकांनी मधला मार्ग काढला. रविवारपर्यंत दुभाषी मिळाला तर दमयंतीबाई वाचतील. दुभाषी मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळ्यांनाच हा मार्ग पसंत पडला.

घरी जाताना दमयंतीबाईंना स्वतःचंच नवल वाटत होतं. मान मिळावा म्हणून त्यांनी हात वर केला नव्हता. त्यांना एकच हवं होतं. ती बोली एकदा, एकदाच, उजेडात, चार माणसांत बोलली जावी, आणि कुणीतरी म्हणावं की हो, समजलं. नाहीतर आपण गेलो की ती कधी होती याचाही पत्ता उरणार नाही. विनीतला पुरलं तेव्हा त्याची माती झाली होती, पण त्याचं बोलणं अजून पुरायचं बाकी होतं. ते त्यांच्याच्याने होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या जेट्टीवर गेल्या. मासेमारीची बंदी लागायला आठवडा उरला होता आणि बोटी वर ओढायची तयारी चालली होती. विनीतने रंगवलेली अक्षरं बऱ्याच बोटींवर अजून होती. वाचता येत नसताना त्याने ती चित्रासारखी काढलेली, आणि वाचता येणाऱ्या रंगाऱ्यांपेक्षा नीट. भिवा तांडेल जाळं आवरत बसला होता. त्याला सगळं सांगून, दुभाषी होशील का असं विचारल्यावर त्याने डोकं खाजवलं.

“माजा कसला, बाय? रंग, चाय, पैसे आनी उद्या. ह्या चार खुनांवर आमचा भागायचा. तू शकूला इचार. सोमवारी तासन्‌तास तिच्याकडंच बसलेला असायचा.”

दमयंतीबाई चमकल्या. घरचा बाजार विनीत करायचा. रोजची मासळी तो पंधरा मिनिटांत आणी, पण सोमवारी गेला की दोन दोन तास गायब, आणि एवढं करून आणायचा काय, तर उरलीसुरली मांदेली. बोटी बघत बसत असेल, असं त्या समजत. तो गेल्यावर त्या शकूच्या कोपऱ्याकडे फिरकल्याच नव्हत्या. दारावर मोटारसायकलवाला येई, त्याच्याकडून जे मिळेल ते घेत.

शकू बाजाराच्या टोकाला ताडपत्रीखाली बसलेली होती. दमयंतीबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन वर्षांत आपण आलो नाही याची त्यांना लाज वाटत होती. शकूने वर पाहिलं. कोयती खाली ठेवली, ओले हात लुगड्याला पुसले. मग गळ्यापाशी बटण लावल्यासारखं केलं, गाल फुगवले, हात आडवा ओढला आणि भुवया उंचावल्या.

वाऱ्याचा रविवार आला ना?

दोन वर्षांनी कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं. शकूचे हात विनीतच्या हातांसारखे नव्हते. बाजारात लांबून दिसावं म्हणून ती प्रत्येक खूण ऐसपैस करी. पण बोली तीच होती. दमयंतीबाई मासळीच्या पाट्यांसमोर उभ्या राहून रडल्या. शकूने त्यांना रडू दिलं आणि मध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला पुढच्या पाटीकडे पिटाळलं.

मग तिने सांगितलं ते असं. सोमवारी बरीचशी माणसं मासळी खात नाहीत, धंदा थंड असतो. विनीत यायचा, रिकाम्या क्रेटवर बसायचा आणि रविवारची गोष्ट सांगायचा. तोडक्यामोडक्या खुणांपासून सुरुवात झाली आणि अठरा वर्षांत तिला सगळं यायला लागलं. शकू स्वतः देवळात जाणारी, पालखी चुकवायची नाही, पण विनीतच्या गोष्टी तिला आवडत. वादळ गप्प केल्याची गोष्ट तिने दरवर्षी सांगून घेतली. पाच भाकरी आणि दोन माशांची तर किती वेळा. मासे कुठले होते, हे मात्र विनीतला कधी सांगता आलं नाही, अशी तिची तक्रार होती.

दमयंतीबाई ऐकत राहिल्या. खिडकीपाशी एकट्या विनीतसाठी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी इथे, या ताडपत्रीखाली पोचत होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. रविवारी येशील का, असं त्यांनी विचारलं. रविवार म्हणजे शकूचा सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस, त्यातून बंदीच्या आधीचा शेवटचा. शकूने पाटीकडे पाहिलं, मग पाटी सुनेच्या ताब्यात देईन म्हणाली.

रविवारी शकू कडक इस्त्रीच्या साडीत, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून आली आणि दाराशीच घुटमळली. सावित्री टीचरनी तिच्याकडे बघितलं, दमयंतीबाईंकडे बघितलं, आणि बाकावरची आपली पर्स उचलून जागा केली. मराठी झालं, हिंदी, इंग्रजी झालं. नेपाळी भावाने आपलं वाचन इतक्या घाईत संपवलं की पाळकांना आमेन म्हणायला उशीर झाला. मग दमयंतीबाई पुढे गेल्या आणि खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या. शकू त्यांच्यासमोर उभी राहिली.

दमयंतीबाईंनी हात उचलले. हातांना वाट सापडली, आणि शकूचा बाजारात कमावलेला आवाज चर्चभर घुमला.

“सगली एका घरात बसलेली. दार लावून. त्यांचा मानूस त्यांना सोडून वर गेलेला, म्हनून. मग वारा आला. साधासुदा नाय, बोट फिरवनारा. आनी पेटत्या काड्या एकेकाच्या डोईवर. भाजला कुनालाच नाय.” ती थांबली, हात बघितले, पुढे म्हणाली, “मग सगली बोलाय लागली. भायेर बाजारात लांबलांबची मानसा व्हती. त्येंना वाटला, अरे, ही तर आपल्या घरची बोली.”

दमयंतीबाईंनी हात खाली घेतले. झालं होतं. बोली बोलली गेली होती आणि समजली गेली होती. त्यांनी एवढंच मागितलं होतं. त्या जागेवर जायला वळल्या, तेवढ्यात शकू म्हणाली, “बाय, सुरवातीची खून राह्यली.”

कसली खूण, असं दमयंतीबाईंनी विचारलं.

“त्यो गोष्ट सांगायचा तवा पयली ही करायचा.” शकूने उजव्या हाताची मूठ वर धरली. मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली, मिटली.

ही खूण दमयंतीबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी हातांनीच विचारलं, हे काय?

“तू,” शकू म्हणाली. “तुजा नाव ता. घरात लाल दिवा दोनदा लागला म्हंजे ती आली, असा सांगितलान मला. आदी तुजा नाव, मग गोष्ट. दर सोमवारी. म्हंजे सांगनारी ती, मी नुसता पोचवनारा.”

दमयंतीबाईंना नाव होतं. अठरा वर्षं होतं. त्या समोर असताना त्याला ते लागत नव्हतं, त्या नसताना लागायचं, म्हणून त्यांनी ते कधी पाहिलंच नाही. एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता, आणि हे त्याच्या हातून बघायला मिळालं नाही याचं एवढं दुःखही.

उपासनेनंतर त्या चहाला थांबल्या. पाळकांनी तो बुधवारचा कोरा कागद जपून ठेवला होता, तो त्यांनी दमयंतीबाईंच्या हातात दिला. सावित्री टीचर कप घेऊन आल्या. त्यांनी बोट न उगारता मूठ उगारली, उघडली आणि मिटली. दोनदाऐवजी ती तीनदा झाली, पण दमयंतीबाईंनी चूक काढली नाही.

दुपारी घरी पोचल्यावर त्या दाराशी उभ्या राहिल्या. कुलूप त्यांनीच लावलेलं, किल्ली त्यांच्याच पिशवीत. तरी त्यांनी ते बटण दोनदा दाबलं. खिडकीच्या काचेवर लाल उजेड आला, गेला, आला, गेला. कुणी दार उघडायला आलं नाही. मग त्यांनी किल्ली काढली. आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आजचं प्रवचन त्यांना अगदी शब्दन्‌शब्द आठवतंय.

सोमवारी बाजार रिकामा होता. शकू पाटीवर पाणी शिंपडत बसली होती. तिने दमयंतीबाईंना येताना पाहिलं आणि शेजारचा क्रेट पायाने पुढे सरकवला. दमयंतीबाई त्यावर बसल्या, पदराखालून हात बाहेर काढले. आधी त्यांनी मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. मग कालची गोष्ट सांगायला घेतली.